धंद्याच्या टेम्पो-ट्रकवर ड्रायव्हर ठेवताय? आधी आरसी, मग लायसन्स, मग चावी

मिरजेत माझं टाइल्स, सिमेंट आणि सॅनिटरीचं दुकान आहे. गाड्या तीन. एक पिकअप, एक चारशेसात (टाटाचा ४०७ टेम्पो) आणि एक सहाचाकी अकराशेनऊ (टाटाचा ११०९ ट्रक), ती कराडच्या एकाकडनं सेकंडहँड घेतलेली. मी एजंट नाही की वकील नाही, पण कुपवाड एमआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले, तासगावकडचे बेदाण्याचे शेडवाले, मार्केट यार्डातले ओळखीचे, सगळे सारखं तेच विचारतात आणि सारखी तीच चूक करतात, म्हणून एकदा बसून लिहून काढलं.

चूक म्हणजे क्रम उलटा. आधी माणूस ठरवतात, पगार ठरतो, त्याच दिवशी चावी हातात देतात, लायसन्सची झेरॉक्स पंधरा दिवसांनी मागतात आणि गाडीची आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशनचं कार्ड, तर कोण उघडूनच बघत नाही. आणि सगळं सुरू होतं ते आरसीपासनंच.

अजून एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. "गाडी माझी, माल माझा, मी कुठं भाडं मारतोय" हे कायद्यात चालत नाही. माल वाहायला बनवलेली गाडी म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी, मग हौद्यात दुसऱ्याचा ऊस असो नाहीतर तुमच्याच दुकानातल्या फरश्या. पिवळी नंबरपाटी उगाच नाही लावलेली.

## १. आरसी काढा आणि वजनाचा आकडा शोधा

आरसीवर वजनाचे दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, त्याला अनलेडन म्हणतात, आणि दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, म्हणजे लेडन किंवा जीव्हीडब्ल्यू. मालाच्या गाडीला बघायचा तो दुसरा आकडा. हा आकडा एका कागदावर लिहा, गाडी नंबर लिहा आणि ऑफिसात भिंतीला चिकटवा. हसू नका, मी खरंच चिकटवलाय.

आपल्याकडं गाडीला नाव पडतं ते मालावरनं. "दीड टनी", "चार टनी", "नऊ टनी". त्यात गोंधळ असा की माणूस म्हणतो माझी गाडी पाच टनी आहे, म्हणजे साडेसात टनाच्या आतच की (ही हद्द कशाची ते पुढच्या टप्प्यात). नाही ओ. पाच टन हा माल झाला, त्यात गाडीचं स्वतःचं वजन धरा, की कधी कधी आकडा साडेसातच्या पलीकडं जातो. सेकंडहँड गाडीत तर अजून गंमत, एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या दोन गाड्या, एक ७,५०० किलोच्या आत आणि दुसरी बाहेर, कारण मॉडेल वेगळं. नावावर जाऊ नका, बॉडीवर जाऊ नका, आधीच्या मालकाच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नका. आरसीवर काय छापलंय ते.

तपासा: आरसी हरवलीय किंवा आकडे पुसट झालेत? एमपरिवहन अ‍ॅपवर नाहीतर डिजिलॉकरमध्ये गाडीची आरसी काढा, तिथं वजन दिसतं.

## २. आकड्यावरनं लायसन्स ठरवा

आता तीन गट करा.

भरलेलं वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर गाडी लाइट मोटर व्हेइकल, म्हणजे एलएमव्ही. छोटा हत्ती, पिकअप, चारशेसात ह्या सगळ्या ह्यात. ७,५०० च्या वर आणि १२,००० पर्यंत मीडियम. १२,००० च्या वर हेवी. मीडियम आणि हेवी दोन्हीला ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं, ज्याला आपण टीआर म्हणतो. काही जण त्यालाच "बॅच" म्हणतात, पण बॅच-बिल्ला हा खरं तर रिक्षा, टॅक्सी अशा प्रवासी गाड्यांचा विषय आहे, मालाच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवताना "बॅच आहे का" असं विचारून भागत नाही.

पहिल्या गटाबद्दल वर्षानुवर्षं भांडण होतं. पिकअपवाल्याकडं साधं एलएमव्ही लायसन्स, अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची ट्रान्सपोर्टची नोंद नाही, क्लेम नाही. २०१७ साली मुकुंद देवांगन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वेगळ्या नोंदीची गरज नाही. त्यावर परत शंका निघाल्या, प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडं गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभा देवी केसमध्ये तेच कायम झालं: एलएमव्ही लायसन्सवाला ७,५०० किलोच्या आतली मालाची गाडी चालवू शकतो, ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा लागत नाही.

हे कळल्यापासनं लोक उलट्या बाजूला गेलेत. "आता कुठल्याच टेम्पोला टीआर लागत नाही" असं सर्रास ऐकायला मिळतं. चूक. निकाल फक्त साडेसात टनाच्या आतल्या गाडीपुरता आहे. माझी अकराशेनऊ त्यात बसत नाही म्हणजे नाही. आणि त्याच निकालात घातक माल वाहणाऱ्या गाड्या, ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांच्या अटी तशाच ठेवल्यात.

इशारा, वयाचा: एलएमव्ही लायसन्स १८ ला मिळतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मध्ये ट्रान्सपोर्ट गाडीसाठी २० वर्षं लिहिलंय. घटनापीठ म्हणतं ट्रान्सपोर्टच्या जादा अटी साडेसात टनाच्या वरच्या गाड्यांनाच, म्हणजे १९ वर्षांच्या पोरानं पिकअप चालवली तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा आहे. पण जागा आहे म्हणून कशाला कोर्टात जाऊन बसायचं. मी २० च्या आतल्याला कुठलीच पिवळ्या पाटीची गाडी देत नाही.

इशारा, घातक मालाचा: फॅब्रिकेशनवाले ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलिनच्या टाक्या पिकअपमध्ये टाकून सर्रास नेतात. गॅस सिलिंडर, डिझेल, अ‍ॅसिड ह्यांचंही तेच. हा घातक माल झाला. त्यासाठी ड्रायव्हरचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळा शेरा लागतो आणि तिथं पिकअप छोटी आहे हे कारण चालत नाही. रोजचं काम असेल तर ड्रायव्हरला ट्रेनिंगला पाठवा. महिन्याला दोन टाक्या लागत असतील तर सप्लायरच्या गाडीनंच मागवा, त्याच्याकडं सगळं असतं.

## ३. ड्रायव्हरचं कार्ड हातात घ्या, दोन तारखा वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालणार नाही. कार्ड हातात.

बघायच्या गोष्टी चार. नाव आणि फोटो त्याचाच आहे का. कुठले क्लास लिहिलेत, म्हणजे नुसतं एलएमव्ही आहे की ट्रान्सपोर्ट पण आहे. गिअरची मोटारसायकल वगैरे तुमच्या कामाची नाही. तिसरं, घातक मालाचा शेरा लागत असेल तर आहे का. आणि चौथं, ज्यात मी स्वतः मार खाल्लाय, ती मुदत. ज्याच्याकडं दोन्ही क्लास असतात त्याच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एक नॉन-ट्रान्सपोर्टची, एक ट्रान्सपोर्टची. नॉन-ट्रान्सपोर्टची लांबची असते, ट्रान्सपोर्टची फक्त ५ वर्षांची.

माझ्या अकराशेनऊवर जे मामा होते ते वीसेक वर्षांचे अनुभवी, कुंभार्ली घाट रात्रीचा उतरवून चिपळूणला माल पोच करणारा माणूस. ठेवताना मी कार्ड बघितलं होतं, खोटं नाही सांगत. पण बघितली ती वरची तारीख, तिच्यात अजून चार वर्षं होती. खालची बघितलीच नाही. फरश्या भरून गाडी कराडकडं निघालेली, वाटेत तपासणीत थांबवली, आणि ट्रान्सपोर्टची मुदत संपून १९ दिवस झालेले. मामांना कलम १८१ खाली चलन आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिली म्हणून मालक या नात्यानं मला कलम १८० खाली. दोन्हीला कायद्यात ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैद पण लिहिलीय. पैशाचं जाऊ दे, पण गाडी रस्त्याकडंला उभी, दुसरा टीआरवाला ड्रायव्हर मिळेपर्यंत चार तास गेले आणि तिकडं गिऱ्हाईकाचा फरशीवाला मिस्त्री हजेरी लावून नुसता बसलेला. त्याची हजेरी पण मीच भरली.

तेच मामा त्या दिवशी चारशेसात घेऊन गेले असते तर काही झालं नसतं, कारण तिला त्यांची एलएमव्हीची तारीख पुरली असती. म्हणून म्हणतो, आधी आरसीवरचा आकडा, मग त्या आकड्याला लागू असलेलीच तारीख.

तपासा: गाडी ७,५०० किलोच्या आतली असेल तर नॉन-ट्रान्सपोर्टची तारीख. वरची असेल तर ट्रान्सपोर्टची. घातक माल असेल तर त्याची मुदत अजून कमी, ३ वर्षं.

## ४. नंबर सारथीवर टाका

कार्ड खरं दिसतंय म्हणजे खरं आहे असं नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की नाव, क्लास, दोन्ही मुदती आणि लायसन्स चालू आहे की निलंबित ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. नंबरची सुरुवात बघा, एमएच १० म्हणजे सांगली, ११ सातारा, ५० कराड, ०९ कोल्हापूर. कर्नाटकचं, बिहारचं, यूपीचं लायसन्स असलं तरी ते देशभर चालतं, त्यात अडचण काही नाही, फक्त सारथीवर दिसलं पाहिजे.

जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल आणि पोर्टलवर सापडत नसेल तर ते लगेच खोटं असं समजू नका, जुन्या नोंदी कधी कधी ऑनलाइन चढलेल्या नसतात. पण तो प्रश्न ड्रायव्हरनं ज्या आरटीओनं लायसन्स दिलं तिथं जाऊन सोडवायचा, आणि सुटेपर्यंत चावी नाही.

स्क्रीनशॉट काढा. प्रिंट काढा, त्यावर आजची तारीख आणि ड्रायव्हरची सही घ्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्सला जोडून फाइलला लावा. हा कागद दिसायला फालतू वाटतो, पण अपघातानंतर हाच कामाला येतो. ड्रायव्हरचं लायसन्स नीट नसेल तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि ती रक्कम नंतर मालकाकडनं वसूल करायला बघते. सुप्रीम कोर्टानं २००४ च्या स्वर्णसिंग निकालात सांगितलंय की लायसन्स खोटं निघालं एवढ्यावर कंपनी सुटत नाही, मालकानं काळजी घेतली नाही हे तिला दाखवावं लागतं. २०२० च्या निर्मला कोठारी निकालात तर मालकानं लायसन्स बघितलं आणि माणूस नीट चालवतोय ह्याची खात्री केली तर पुरे, त्यानं आरटीओत जाऊन खातरजमा करत बसायची अपेक्षा नाही असं म्हटलंय. आता फोनवरच होतंय तर करून ठेवायला काय जातंय.

## ५. चालवून बघा

वरच्या निकालात "माणूस नीट चालवतोय ह्याची खात्री" आहे ना, ती अशी. रिकाम्या गाडीवर ट्रायल घेऊ नका, रिकामी गाडी कोण पण चालवतं. निम्मा माल भरा, शेजारी बसा आणि गर्दीतनं एक चक्कर मारा, मग थोडा चढ. मी तीन गोष्टी बघतो. निघायच्या आधी खाली उतरून टायर बघतो का. उतारावर गिअरवर गाडी धरतो की नुसत्या ब्रेकवर. आणि मागं घेताना किन्नरला, म्हणजे गाडीवरच्या क्लिनरला, खाली उतरवतो का. तिसऱ्यावर दोन जणांना मी परत पाठवलंय.

किन्नरचं निघालंच आहे तर, हे पोरगं सहा महिन्यांत गाडी शिकतं आणि गोडाऊनसमोर स्वतःच मागं-पुढं करायला लागतं. "नुसती सावलीला लावतोय शेठ." दार रस्त्यावर उघडत असेल तर तो सार्वजनिक रस्ता आहे, लायसन्स नसताना ते पण चालत नाही. आणि पोरगं १८ च्या आतलं असेल तर मालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, एवढं लिहिलंय कायद्यात. संध्याकाळी चावी गल्ल्यात, खिळ्यावर नाही.

## ६. ड्रायव्हरकडं टीआर नसेल तर ते काढायचा क्रम

चांगला माणूस आहे, पिकअप झकास चालवतो, आता त्याला मोठ्या गाडीवर घ्यायचाय. इथं घाई केली की पैसे आणि दोन महिने दोन्ही जातात. क्रम असा धरा.

अ) पात्रता. वय २० पूर्ण. आणि एलएमव्ही लायसन्स मिळून किमान १ वर्ष झालेलं असलं पाहिजे. मोटारसायकलचं लायसन्स दहा वर्षांचं आहे, ते ह्यात धरत नाहीत. शिक्षणाची अट, ती आठवी पासवाली, २०१९ मध्ये गेली. तरी अजून काही जण "आठवीचा दाखला नाही" म्हणून पोराकडनं जादा पैसे घेतात, सावध राहा.

ब) ड्रायव्हिंग स्कूल. ट्रान्सपोर्टसाठी मान्यताप्राप्त स्कूलचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म ५. कारला स्वतः शिकून परीक्षा देता येते तसं इथं नाही. स्कूलकडं मोठी गाडी खरंच आहे का ते जाऊन बघा, नुसता बोर्ड बघू नका. ट्रान्सपोर्टचं ट्रेनिंग ३० दिवसांचं असतं, "चार दिवसांत सर्टिफिकेट देतो" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, पोरगं परीक्षेत गडबडणार आणि नंतर घाटात.

क) मेडिकल. फॉर्म १-अ. कारवाल्याला चाळिशीच्या आत स्वतःचं घोषणापत्र चालतं, ट्रान्सपोर्टला कुठल्याही वयात डॉक्टरचंच लागतं. डॉक्टरकडं जायच्या आधी फोन करून विचारा की सारथीवर ऑनलाइन सर्टिफिकेट चढवता का, सगळे चढवत नाहीत, आणि नुसता शिक्का मारलेला कागद घेऊन परत यायची वेळ येते. डोळे आधी तपासून घ्या. ड्रायव्हर लोक चष्मा लपवतात, नोकरी जाईल म्हणून. चष्मा असला म्हणून लायसन्स अडत नाही, न लावता गाडी चालवली की अडतं.

ड) लर्निंग. सारथीवर त्याच्या जुन्याच लायसन्स नंबरवर नवीन क्लास जोडायचा अर्ज. नवीन लायसन्सचा अर्ज भरू नका, ही फार होणारी चूक आहे, सायबर कॅफेवाला घाईत नवीन अर्ज भरतो आणि मग एका माणसाच्या दोन नोंदी होऊन दोन्ही अडकतात. आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच आहे का ते पण आत्ताच बघा. वडिलांचं नाव मागं-पुढं, आडनावात एक अक्षर कमी, ह्यावरनं अर्ज परत येतात.

लर्निंग ६ महिने चालतं. पक्क्या परीक्षेला ३० दिवस झाल्याशिवाय बसता येत नाही. म्हणजे स्कूलचे ३० दिवस आणि हे ३० दिवस एकदमच चालू द्या, एकामागं एक नको.

इशारा: लर्निंगवर माल पोच करायला एकट्याला पाठवायचं नाही. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल "एल" आणि शेजारी त्याच क्लासचं पक्कं लायसन्स असलेला माणूस, तरच. शेजारी तुम्ही स्वतः बसलाय आणि तुमच्याकडं नुसतं कारचं लायसन्स आहे, तर तुमचा काही उपयोग नाही.

इ) परीक्षा. ज्या प्रकारची गाडी, तीच परीक्षेला न्यायची. स्कूलची नसेल तर तुमची न्या, पण तिची फिटनेस, विमा, पीयूसी सगळं चालू पाहिजे, कारण गाडी थेट आरटीओच्याच दारात नेताय. एका ओळखीच्याची गाडी ट्रायलला गेली आणि फिटनेस संपलेलं निघालं, पोराची परीक्षा राहिली बाजूलाच. नापास झाला तर ७ दिवसांनी परत, आणि तीनदा नापास झाला तर ६० दिवस थांबावं लागतं. उसाच्या सीझनच्या तोंडावर हे परवडत नाही, म्हणून हे सगळं पावसाळ्यात उरकायचं. तेव्हा गाड्या बसूनच असतात.

फीचं सांगायचं तर सरकारी फी शेकड्यात आहे. लर्निंग क्लासमागं १५०, परीक्षा ३००, क्लास जोडायला ५००, स्मार्टकार्डाचे वेगळे. एजंटचा आकडा हजारात असतो. एजंट वाईट असं नाही, धावपळ वाचते, पण पावत्या मागा.

आणि एक आपलं मत. लायसन्सचा खर्च मालकानं करावा. "शिकून दुसरीकडं पळाला तर" असं सगळे म्हणतात. पळतो कधी कधी. पण नाही शिकवला आणि तसाच मोठ्या गाडीवर बसवला तर नुकसान किती ते वर सांगितलंच.

## ७. रिन्युअल: मुदतीच्या आधी तीन महिने

मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासनं रिन्यू करता येतं. संपल्यावर १ वर्षापर्यंत परीक्षेशिवाय होतं, वर्ष उलटलं की परत परीक्षा.

हे वाचून सगळे म्हणतात, म्हणजे संपल्यावर वर्षभर सवलत आहे की. नाही! सवलत अर्ज करायला आहे, गाडी चालवायला नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरत होते, २०१९ च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. आता संपलं म्हणजे त्याच दिवशी संपलं. आणि उशिरा रिन्यू केलं तर ते रिन्यू झाल्या तारखेपासनं चालू होतं, मधला खड्डा भरून निघत नाही. त्या खड्ड्यात अपघात झाला तर पॉलिसीत लिहिलेलं असतं की अपघाताच्या वेळी ड्रायव्हरचं लायसन्स चालू असलं पाहिजे. माझ्या मामांचे १९ दिवस म्हणजे हाच खड्डा.

ट्रान्सपोर्ट रिन्यू करताना दर वेळी परत मेडिकल लागतं. त्यात आठ-दहा दिवस जातात, कधी बीपी जास्त निघतं आणि डॉक्टर गोळ्या देऊन पुढची तारीख देतात. म्हणून तीन महिने. फोनमध्ये ड्रायव्हरच्या नावानं रिमाइंडर लावा, ड्रायव्हरच्या फोनमध्ये नाही, तुमच्या.

## ८. बदली ड्रायव्हर: जास्त घोळ इथंच

नेहमीचा माणूस नीट पारखून घेतलेला असतो. पण गावची जत्रा, बहिणीचं लग्न, घरात मयत, काहीतरी निघतंच आणि सकाळी सात वाजता फोन येतो, "शेठ, आज दाजीला पाठवतो, तो पण ड्रायव्हरच आहे." गाडी भरलेली, गिऱ्हाईक फोनवर, आणि आपण म्हणतो पाठव. हा दाजी ट्रॅक्टर चालवतो का स्कूल बस, त्याचं लायसन्स कुठल्या साली संपलं, काही ठाऊक नसतं.

ह्यावर माझा उपाय असा. दिवाळीनंतर एकदा बसतो आणि तीन-चार बदली माणसांची लायसन्स सारथीवर बघून फाइलला लावून ठेवतो. कोण कुठल्या गाडीवर चालेल ते समोर लिहिलेलं. गाडी नंबर, भरलेलं वजन, चालणारी माणसं, एवढा तीन रकान्यांचा तक्ता. दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय, मी नसलो तरी तक्त्यात नाव नाही त्याला चावी नाही, दाजी असो का मेव्हणा.

बदलीला पाठवताना हमालांचं पण बघा. केबिनमध्ये आरसीवर जेवढी सीट तेवढीच माणसं. उरलेली हौद्यात मालावर बसतात आणि काही झालं तर विमा त्यांना धरेलच असं नाही. पॉलिसीत पगारी ड्रायव्हर, क्लिनर, हमाल ह्यांची नोंद आणि प्रीमियम आहे का ते विमा एजंटला स्पष्ट विचारा.

## ९. गाडीचे बाकीचे कागद, थोडक्यात

लायसन्स बरोबर आणि गाडी चुकीची असं नको. भरलेलं वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, आतल्याला नाही. फिटनेस नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. विमा, पीयूसी, टॅक्स. ओव्हरलोडला २०,००० आणि जादा प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात.

कागद डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो किंवा गॅलरीतली झेरॉक्स म्हणजे डिजिलॉकर नाही. ड्रायव्हरच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून द्या, एकदा त्याच्याच हातानं उघडायला लावा, आणि घाटात रेंज जाते म्हणून गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सेट ठेवा.

## १०. गाडी थांबवली किंवा धडक झाली तर

थांबवली तर ड्रायव्हरनं वाद घालायचा नाही, मालकाला फोन लावून द्यायचा आणि कागद दाखवायचे. चलन चुकीचं वाटलं, समजा पिकअपवाल्याला "टीआर कुठाय" म्हणून चलन केलं, तर रस्त्यावर भांडू नका. आरसीवरचं वजन आणि लायसन्स दोन्हीचे फोटो काढून ठेवा, चलनावर कलम कुठलं लिहिलंय ते बघा आणि ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा हवाला देऊन लेखी तक्रार करा.

धडक झाली तर पहिलं माणूस दवाखान्यात. मग पोलीस, मग विमा कंपनी, त्याच दिवशी. आणि एक काम करायचं नाही, ते म्हणजे गाडी दुसराच कोणीतरी चालवत होता असं दाखवणं. लायसन्सवाला माणूस आणून उभा करतात, मी बघितलंय. टोलनाक्याच्या, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात चालवणारा दिसतो, मग क्लेम तर जातोच आणि खोट्या माहितीची वेगळी केस मागं लागते. तुमच्याकडं चौथ्या टप्प्यातली तारीख टाकलेली, सही घेतलेली प्रिंट असेल तर तीच फाइल उचला आणि विमा कंपनीला झेरॉक्स द्या. मूळ प्रत देऊ नका.